लिंबातून निघालेली शपथ

बहात्तर सालची गोष्ट. नागपूरला कोर्टामागच्या चिंचेखाली ही गर्दी! ईश्वरदास महाराजांनी लिंबू कापलं आणि त्यातून रक्त निघालं.

"निघाली! खोटी शपथ निघाली! हाईकोट स्वाहा, अ‍ॅफिडेव्हिट स्वाहा! जाय गा धोंडबा, तू मोकळा झाला!"

लोक पाया पडले. मी वकील, एरवी असल्या ढोंगावर भडकतो. त्या दिवशी रागसुद्धा आला नाही, डोक्यात खटलाच होता. शेजारी माझी पक्षकार सुभद्रा उभी होती, उमरेडच्या कोष्ट्याची विधवा. दीर चंपतराव तिला घरातून काढायला निघाला होता. नवऱ्याच्या हयातीतच तिनं फारकत घेतली, म्हणून घरावर तिचा हक्क नाही, असं प्रतिज्ञापत्र शेजारच्या या धोंडबानं दिलं होतं. साफ खोटं! आज त्याची उलटतपासणी होती.

"काहून देल्लं गा खोटं लिहून?" सुभद्रानं विचारलं. आवाजात काहीच नव्हतं.

"चंपतराव म्हणे, महाराज शपथ काढून टाकतात. मंग पाप लागत नाही, वैनी."

मी ठेल्यावरून लिंबू आणलं, माझ्या पेन्सिलीच्या चाकूनं कापलं. साधा रस. त्याच लिंबाचं उरलेलं अर्धं महाराजांच्या सुरीनं कापलं. लाल!

"वकील अपवित्र हाय, म्हणून पहिल्यांदा निघालं नाही!"

"आणि दुसऱ्यांदा काय आंघोळ करून आलो, बुवा?"

मी महाराजांची झोळी उलटी केली. चुरगळलेली जास्वंदीची फुलं पडली. फुलांचा रस पात्यावर चोळून वाळवायचा. लिंबाचं आंबट लागलं की तो लाल होतो. एवढंच. महाराज सुरी टाकून पसार झाले.

धोंडबानं ती सुरी उचलून पाहिली. "मंग माही शपथ कुठं हाय, साहेब?"

"कोर्टाच्या फायलीत. न्यायाधीश ती खरी धरून घर कोणाचं ते ठरवतील."

"आता खरं सांगतलं तं मले जेल होईन?"

"होऊ शकते. खोटं नाही सांगणार तुला."

पुकारा झाला. पिंजऱ्यात धोंडबानं एकदा सुभद्राकडं पाहिलं आणि म्हणाला, "फारकत झालीच नाही, साहेब. मी खोटं लिहून देल्लं."

बाहेर आल्यावर सुभद्राला म्हटलं, "घर वाचेल बहुतेक."

"बरं," ती म्हणाली.

बाबांनो, खोट्या शपथेनं देव कोणाला मारत नाही, आणि लिंबानं ती शपथ उतरत नाही. ती कागदावर राहते, आणि तो कागद खरा मानून कोणाला तरी रस्त्यावर काढतात. अंगठा उठवण्याआधी त्या घरात कोण राहतं, तेवढं बघा.