जिवाणूंचं बाळसं

जिवाणूंना बाळसं धरायला लावणं हे तिचं काम. जनुकांत फेरफार करून तिनं त्यांना पोटात तेल साठवायला शिकवलं होतं. निदान तिचं म्हणणं तरी तसं होतं. पण बाळंतपणाच्या रजेनंतरची ही पहिलीच खेप, आणि तेलाचा थेंब म्हणून दिसेना.

"उद्या सकाळी तेल दिसलं नाही, तर हा वाण बंद," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे जागा नाही, आणि धीर तर मुळीच नाही."

त्या गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तिच्या जिवाणूंचा चंबू उजेडात धरला. त्याला सगळे भाऊ म्हणत.

"गर्दी तर झक्कास आहे गं! काय खाऊ घालतेस?"

"साखर. आणि मधूनमधून नत्र."

"मधूनमधून म्हणजे कधी?"

"सुकल्यासारखे वाटले की."

"जिवाणू? सुकल्यासारखे?" भाऊ खो खो हसला. "अगं, नत्र मिळतंय तोवर हे नुसती पिलावळ वाढवणार. नत्र तुटलं की मगच साखरेचं तेल करून ठेवतात. तूच तर शिकवलंस मला!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. इतके महिने 'लेकीचं पोट भरलं असेल ना' याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. हात आपोआप बाटलीकडे जायचा.

तिनं जिवाणू धुऊन नुसत्या साखरेच्या पाण्यात सोडले आणि नत्राची बाटली भाऊच्या हवाली केली. "मी मागितली तरी देऊ नकोस."

"रडलीस तरी?"

"रडले तरी."

घरी लेकीनं दोन घास खाऊन तोंड फिरवलं. चमचा घेऊन मागे धावायचं सोडून ती नुसती बसून राहिली. सासूबाईंनी तिच्याच कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी तेल दाखवणारा रंग घालून तिनं जीव मुठीत धरून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. एकेक जिवाणू सोन्याचे मणी गिळल्यासारखा पिवळाधमक! मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"राहू दे हा वाण," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला मोठं भांडं घे."

तिनं धावत बाहेर जाऊन घरी फोन लावला. "आई, तेल निघालं!"

"बरं झालं बाई," सासूबाई म्हणाल्या. "येताना घेऊनच ये. इथलं संपलंय."