बंद कारखान्यातला माग

हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर राजेसाबांनी सोलापुरात खासगी चौकशीची कामं धरली होती. बहुतेक कामं लग्नाआधीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का. दुसऱ्यांच्या घरात डोकावून त्यांना कंटाळा आला होता. गुडघे धरायचे, साखर वाढलेली. एप्रिलच्या उन्हात बाहेर पडायचं जिवावर आलं होतं, पण शिवयोगी गाडी घेऊन दारातच उभा राहिला.

शिवयोगीचे वडील वीरभद्रप्पा यांचा अक्कलकोट रोडवरचा टॉवेलचा कारखाना दोन वर्षांपासून बंद होता. शेड विकायची होती. पण भर दुपारी आतला कोपऱ्यातला माग चालतो, अशी बोंब झाली आणि गिऱ्हाईक फिरकेना. भाव पाडायला कुणीतरी हा खेळ करतंय, त्याला पकडून द्या, असं शिवयोगीचं म्हणणं होतं.

राजेसाबांनी आधी वीज पाहिली. मीटर काढून नेलेला. मागाची मोटरही विकलेली, नुसता लोखंडी सांगाडा उरलेला. आत दुसरं कुणी नाही याची खात्री करून त्यांनी दाराला कडी लावली आणि एका पालथ्या पेटीवर टेकले. पत्रे तापले होते. डोळा लागतोय तोच खटखट सुरू झाली.

माग चालत होता. आडवं सूत ओढणारा धोटा इकडून तिकडं पळत होता आणि पुढच्या रुळावर काहीतरी काळं गुंडाळलं जात होतं. राजेसाबांना पळावंसं वाटलं. थोड्या वेळानं माग आपोआप थांबला. नोकरीत त्यांनी रेल्वेखाली सापडलेली, विहिरीतली प्रेतं उचलली होती. त्या सवयीनंच ते पुढं गेले आणि त्या कापडाला हात लावला. सूत नव्हतंच. बाईचे लांब केस होते, उभे आडवे विणलेले, अजून खोबरेलानं ओलसर.

संध्याकाळी त्यांनी जुना कामगार निंगप्पा याला गाठलं. एवढ्या लांब केसांची बाई कारखान्यात कोण होती, असं विचारल्यावर निंगप्पानं लगेच नाव घेतलं. महेश्वरी. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. एका ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून गेली. हे कुणी सांगितलं? मालकांनी. ड्रायव्हर कुणी पाहिला? कुणीच नाही. त्याच आठवड्यात कारखाना बंद झाला. त्याआधी मालकांनी कोपऱ्यातल्या मागाखालचा कोबा नवा करून घेतला होता.

राजेसाब दुसऱ्या दिवशी वीरभद्रप्पांच्या घरी गेले. लकव्यानं म्हातारा खाटेवर पडून होता. सून सांगत होती, मामंजी जेवत नाहीत, प्रत्येक घासाला केस लागतो म्हणतात. बोलता बोलताच म्हाताऱ्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि एक काळा केस ओढायला लागला. तो संपतच नव्हता. सून तोंडाला पदर लावून आत गेली.

"महेश्वरीचा हाय का?" राजेसाबांनी विचारलं.

म्हातारा रडायला लागला. जड जिभेनं, तुकड्या तुकड्यानं त्यानं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत पोरगी मागाखाली पडलेल्या कांड्या गोळा करत होती. त्यानं न बघता माग सुरू केला. वेणी पट्ट्यात गेली.

"जीव होता अजून," तो म्हणाला. "दवाखान्यात न्हेलं असतं, तर पोलीस केस झाली असती."

शिवयोगी दारातून ऐकत होता. तो राजेसाबांना अंगणात घेऊन गेला. आता उकरून कुणाचं भलं होणार, वडील काय महिन्याचे सोबती, असं काहीबाही हळू आवाजात बोलत राहिला. राजेसाबांना त्याचा राग आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी त्याच्यासमोरच ठाण्यात फोन लावला.

कोबा फोडल्यावर हाडं निघाली, हिरव्या बांगड्या निघाल्या. केस एकही सापडला नाही. गुन्हा नोंदवेपर्यंत वीरभद्रप्पा गेले. श्वास कोंडून गेले, एवढंच घरच्यांनी सांगितलं. आरोपी मेला म्हणून प्रकरण मिटलं. माग भंगारात गेला.

महेश्वरीची आई काशम्मा हिला सांगायचं मात्र बाकी होतं. ते काम ठाण्यातल्या कुणालाच नको होतं, म्हणून राजेसाब गेले. काशम्मा उंबऱ्यात सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. मुलगी पळाली म्हणून दोन वर्षं गल्लीतल्या कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. धाकटीचं ठरलेलं लग्नही मोडलं होतं. राजेसाबांनी सगळं सांगितलं. जीव होता, तेवढं मात्र सांगितलं नाही.

काशम्मानं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माजी पोर पळाली नव्हती?"

"न्हाई, अक्का. कामावरच होती."

ती रडली नाही. पदर खोचून गल्लीत उतरली आणि पहिल्या दारावर थाप मारली. दार उघडल्यावर म्हणाली, "महेश्वरी पळाली नव्हती." मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं.

राजेसाबांना उठवेना. तिच्या उंबऱ्यात बसून ते दारांवरच्या थापा ऐकत राहिले.