एच, पी, एस

माझा दादा लहानपणापासूनच आयत्या बिळावरचा नागोबा. बाबांना झटका आल्याचं कळल्यावर तो दुसऱ्या शहरातून धावत आला खरा, पण बाबांच्या उशाशी बसायच्या आधी त्याने भिंतीची ओल तपासली. मीही काही संत नाही. लग्न मोडल्यापासून नऊ वर्षं याच घरात राहते, बाबांचं सगळं करते, आणि हे घर मला हवंय. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

बाबा इंग्रजीचे मास्तर. झटक्याने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, डावा हात तेवढा उरला. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी एक पुठ्ठा दिला. त्यावर इंग्रजीची सव्वीस अक्षरं मोठी मोठी छापलेली. "यावर बोट ठेवून बोला," म्हणाल्या आणि गेल्या. बाबांनी लगेच बोट ठेवलं. एच, पी, एस. मग डाव्या हाताची पाच बोटं दाखवली, पुन्हा पाच, मग दोन. एवढं करून स्टुलावरचं मनगटी घड्याळ पालथं पाडलं आणि आमच्याकडे बघत राहिले. हात अजून थरथरतो, म्हणून मी घड्याळ सरळ करून ठेवलं.

"हॉस्पिटल," दादा म्हणाला. "तिन्ही अक्षरं आहेत बघ. जिथे रात्रंदिवस नर्स असेल अशा ठिकाणी त्यांना जायचंय. आणि बारा म्हणजे बारा तारीख. वकील त्याच दिवशी येतोय."

बाबांनी तोंड वाकडं करून मान भिंतीकडे फिरवली.

"नाही म्हणतायत," मी म्हणाले. "ओनरशिप आहे ते. घर कोणाचं ते सांगतायत. घराचे कागद बारा नंबरच्या फायलीत आहेत."

"फाइल बघून ठेवलीस का आधीच? वा!"

"तू भिंती बघितल्यास, मी फाइल बघितली."

बाबांनी माझ्याकडेही पाहिलं, गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं. मला वाटलं, दादाचा राग माझ्यावर निघतोय.

पुढचे दहा दिवस हेच. रोज सकाळी तीच तीन अक्षरं, तीच बारा बोटं, घड्याळ पालथं. रोज मी ते सरळ करायची. दादाने बाबांचाच जाडजूड शब्दकोश काढून 'परचेस' शोधलं. म्हणजे गिऱ्हाईक बघा, असा त्याचा अर्थ. वहिनीने फोनवरून 'पार्टनरशिप' सुचवलं, तेव्हा बाबांच्या भुवया जरा वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या. आम्ही दोघं त्यांच्या खाटेच्या दोन बाजूंनी एकमेकांवर शब्द फेकत होतो. बाबांना मात्र कोणी काही विचारत नव्हतं.

अकराव्या दिवशी दादाने डॉक्टर आणला. बाबांना काही समजत नाही, असा दाखला त्याला हवा होता. तो मिळाला की सह्या त्याच्या, घराचं गिऱ्हाईक त्याचं, आणि मी माझ्या ट्रंकेसकट रस्त्यावर.

"दहा दिवस तीच तीन अक्षरं दाखवतायत," दादा डॉक्टरला सांगत होता. "बोटं दाखवतात, वस्तू पाडतात. डोकं ठिकाणावर नाही हो त्यांचं."

आणि खरंच, बाबांनी डॉक्टरसमोर तेच केलं. एच, पी, एस. पाच, पाच, दोन. घड्याळ पालथं. मी सवयीने हात पुढे केला, तर बाबांनी माझ्या बोटांवर चापट मारली. चांगली लागली.

तीस वर्षांनी त्या चापटीने मला जेवणाचं टेबल आठवलं. ताटं उचलली की बाबा अक्षरं सांगायचे. ती सगळी ज्यात येतील असा लांबात लांब इंग्रजी शब्द आम्ही शोधायचा. आपल्या मनातला शब्द किती अक्षरी, ते बाबा बोटांनी दाखवायचे. आणि कोणी वेळेकडे बघू नये म्हणून घड्याळ पालथं घालायचे. प्रश्न दुसऱ्यांदा समजावून सांगायचे नाहीत, कधीच नाहीत.

मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. त्यालाही आठवलं होतं, आणि मेला मूग गिळून गप्प उभा होता! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की शब्द सुचेना. मग सुचला.

"हिप्पोपोटॅमस," मी म्हणाले.

बाबांनी खाटेच्या दांड्यावर दोनदा टकटक केलं. उत्तर बरोबर आलं की ते टेबलावर तशीच टकटक करायचे. मी डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने ओठ हलवत अक्षरं मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि पेन खिशाला लावलं.

"यांना सगळं समजतंय. मी दाखला देणार नाही."

"एक खेळ आठवला म्हणजे माणूस शहाणा होतो का?" दादा ओरडला.

"तुम्हाला तर तोही आठवला नव्हता," डॉक्टर म्हणाला आणि बॅग उचलून निघाला.

मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, आनंदाने माझे पाय जमिनीवर नव्हते. दादा दारात उभा राहून वहिनीला फोन लावत होता. मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, आता तुम्हीच सांगा. घर माझंच ना?" आणि पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला.

बाबांनी बोट ठेवलं. ओ, यू, टी.

"आउटस्टँडिंग!" मी लगेच म्हणाले.

"कॉन्स्टिट्यूशन," दादा दारातून म्हणाला. फोन कानालाच होता, पण हरायचं कसं? "माझा एका अक्षराने मोठा आहे."

"बोटं तर दाखवू देत आधी!"

आम्ही दोघं बोटांची वाट बघत राहिलो. बाबांनी पालथं घड्याळ उचललं आणि सरळ करून ठेवलं. मग एकच बोट उचललं. ते आधी माझ्याकडे वळलं, मग दादाकडे, आणि मग दाराकडे.