डब्याच्या दारातला उंबरा

वाघोलीच्या कडेला, बद्रीनाथांच्या दीड गुंठ्यावर, पत्र्याचं एक तयार घर, म्हणजे नुसता डबाच, उभं होतं. कारखान्यात बनलेलं, क्रेननं ट्रकवरून उतरवलेलं. आधी ते खराडीत होतं. तिथे आयटीवाल्यांची काचेची इमारत उठत होती तेव्हा त्यात इंजिनिअर बसायचे. इमारत झाली आणि डबा विकायला निघाला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या बद्रीनाथांना क्वार्टर सोडायचं होतं. त्यांनी तो घेतला.

त्यांची बायको यमुनाबाई मात्र दाराशी येऊन थांबल्या. यवतमाळकडची बाई. डब्याच्या दारात नुसती लोखंडी पट्टी होती. "अवो, उंबरा नाही ते घर कायचं?" म्हणाल्या, आणि सामान बाहेरच ठेवून दिवसभर बाभळीखाली बसून राहिल्या. शेवटी गवंडी आला. खाली विटा रचून, सिमेंट भरून त्यानं सागवानी उंबरा बसवला. मगच बाई आत आल्या. पुढे दोन वर्षं रोज सकाळी उंबऱ्याला हळदीकुंकू लागलं. मग चार दिवसांच्या तापात त्या गेल्या आणि ते थांबलं.

तेरावं झालं, आणि त्याच आठवड्यात बांधकाम परवानगीच्या सरकारी कार्यालयाची नोटीस आली. जागा शेती विभागात आहे, तिथे राहण्याचं बांधकाम चालत नाही, काढून घ्या.

बद्रीनाथ कार्यालयात तीनदा गेले. तिथल्या नकाशावर त्यांची जागा हिरवी होती आणि रस्त्यापलीकडची बिल्डरची जागा पिवळी. पिवळी म्हणजे वस्तीची. पाच वर्षांपूर्वी, त्यांनी जागा घेतली तेव्हा, तीही हिरवीच होती, तिथला हरभरा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. हिरव्यात घर बांधता येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं, पण एक एकर लागतो, असं उत्तर मिळालं. म्हणजे ज्याच्याकडे एकर आहे त्यानं घर बांधावं, आणि ज्याला फक्त झोपण्यापुरती जागा आहे त्यानं झोपू नये. हे ज्यानं लिहिलं तो स्वतः कुठे झोपतो, हे त्यांना विचारायचं होतं, पण खिडकी बंद झाली.

जागा विकणारा बजरंग त्याच गावचा. तो चिडून म्हणाला, "काका, बिल्डरनं बी असलाच डबा ठेवलाय. त्याचा डबा हाफिस हाय, तुमचा डबा गुन्हा हाय."

पाहणीला इंद्रजीत नावाचे तरुण साहेब आले. दारात उभे राहून त्यांनी डबा वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"आजोबा, याला चाकं असती तर मी तुम्हाला आरटीओकडे पाठवलं असतं. सुटलो असतो दोघं."

बजरंग हसला. बद्रीनाथ हसले नाहीत.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट सुचवली. डबा हलवता येतो, म्हणून तो तात्पुरता लिहिता येईल. शेतावर राखणदाराची खोली चालते, सहा महिन्यांची परवानगी मिळते, पुढे वाढवून घेता येते. अडचण एकच. हा उंबरा सिमेंटमध्ये आहे, म्हणजे कायमचं बांधकाम झालं. तेवढा फोडून टाका, मी फोटो काढतो. आणि अर्जावर लिहा, की आपण इथे राखणदार आहात.

"कुणाचा राखणदार?"

"कुणाचाही लिहा. स्वतःचाच लिहा."

बजरंगनं पहार आणून दिली. दुसरा मार्ग नाही, असं त्याचंही मत पडलं. बद्रीनाथांनी ती हातात घेतली. यातच इंजिनिअर बसत होते तेव्हा कुणाला नियम आठवला नाही. आपली बाई इथे निजली, इथेच मेली, तर नियम आठवला. पस्तीस वर्षं सरकारच्या दारूगोळ्यात काढली, आणि आता स्वतःच्या जागेवर स्वतःचाच राखणदार व्हायचं. त्यांनी खाली पाहिलं. लाकडाच्या रेघांत हळद अजून होती. आणि तिच्यावर साहेबांचा बूट होता.

"साहेब, आधी पाय खाली घ्या. उंबऱ्यावर पाय देत नाहीत."

साहेबांनी चटकन पाय काढला. नकळत त्यांचा हात उंबऱ्याला लागला आणि कपाळाकडे गेला.

बद्रीनाथांनी पहार भिंतीला टेकवली. "तुम्हालाही कळतं हे घर आहे. मग तसंच लिहा."

"आजोबा, तसं लिहिलं तर पाडावं लागेल."

"लिहा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'राहते घर, कायम स्वरूपाचे, विनापरवाना. मुदत तीस दिवस.' बद्रीनाथांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. बजरंग कपाळाला हात लावून बाहेर गेला.

गाडी गेल्यावर बद्रीनाथांनी ओल्या फडक्यानं बुटाचा डाग पुसला. देवाजवळचा करंडा शोधायला वेळ लागला. तो नेहमी यमुनाबाईच काढायच्या. उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं त्यांना नीट ओढता आली नाहीत, हळद जास्त झाली, कुंकू सांडलं. उद्या नीट जमेल. अजून तीस दिवस होते.