वर की मागे

"वर की मागे, एवढं एकच सांगा काका. बाकी सगळं तुमच्यावर."

बोलणारा औषधांचं दुकान चालवणारा होता, म्हणजे मोजूनमापून जगणारा माणूस. सोबत त्याची बायको, दहा-अकरा वर्षांची मुलगी, आणि आमच्या दुकानासमोर उभी त्यांची छोटी लाल गाडी. गाडीला तीन सायकली टेकवून ठेवल्या होत्या, दोन मोठ्या आणि एक पिवळी, मुलीची. डोंगरापलीकडच्या तलावावर दोन दिवस जायचं आणि तिथे सायकली चालवायच्या, असा बेत होता. सायकली टपावर बांधाव्यात, मागच्या दाराला टांगाव्यात की चाकं काढून आत कोंबाव्यात, यावर त्यांच्या घरात आठवडाभर खल झाला होता. नवऱ्याने मापांचा कागदसुद्धा आणला होता.

मला कागद लागत नाही. सव्वीस वर्षं मी गाड्यांना सायकली न्यायचे कॅरिअर बसवतोय. ही गाडी वळून थांबली तेव्हाच मला उत्तर दिसलं होतं. दोन मोठ्या सायकली टपावर, उभ्या. पिवळीचं पुढचं चाक काढून ती आत, मागच्या सीटची एक बाजू पाडून. मागच्या दाराला टांगायचा प्रश्नच नव्हता, कारण दाराच्या वरच्या कडेला शोभेचा स्पॉयलर, म्हणजे पंखासारखी पट्टी होती आणि ती नुसत्या प्लास्टिकची. कॅरिअरचे वरचे हूक नेमके तिथेच अडकतात. त्यावर तीन सायकलींचं ओझं टांगायचं म्हणजे कॅलेंडरच्या खिळ्याला भरलेली पिशवी अडकवायची.

मी म्हणालो, "मागे."

असं का म्हणालो ते आधीच सांगून टाकतो. दोन महिन्यांपासून माझा उजवा खांदा धरला होता. हात छातीपर्यंत येई, त्याच्या वर म्हणून जाईना. केस मी डाव्या हाताने विंचरत होतो, शर्टाची बाही बायको चढवून देत होती. डॉक्टरकडे चला म्हणून ती रोज मागे लागे आणि मी रोज उद्यावर ढकलून दुखणं अंगावर काढत होतो. दुकानात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. सकाळी शटर उघडायचं काम माझं. ते डाव्या हाताने उचलून मग पाठ लावून रेटताना कुणी बघू नये म्हणून मी अर्धा तास आधी येऊ लागलो होतो.

लपवायचं कारण असं की या दुकानात मला नाव नाही. सगळे मला क्रेन म्हणतात. थोरल्या मालकांनी, म्हणजे आमच्या दादांनी ठेवलेलं नाव ते. मी सायकल एका हाताने उचलून टपावर चढवायचो आणि दादा गिऱ्हाइकाला म्हणायचे, आमच्याकडे यंत्रबिंत्र काही नाही, क्रेन आहे. दादांना जाऊन चार वर्षं झाली. आता गल्ल्यावर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी बसतात. माझ्या जोडीचा फिटर मोठ्या दुकानात गेला आणि मी एकटा उरलो. हात वर न जाणाऱ्या छप्पन्न वर्षांच्या क्रेनचं कुणी काय करायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला समजावत होतो.

टपावर चढवायच्या तर दोन जड सायकली डोक्याच्या वर न्याव्या लागल्या असत्या. मागे बांधायच्या तर कमरेच्या उंचीवर काम भागतं, वरचे हूक तेवढे डाव्या हाताने लावता येतात. गाडीचा विचार मी केलाच नाही.

औषधवाल्याची बायको मात्र चौकस होती. तिने स्पॉयलरवर बोटाने टकटक करून पाहिलं.

"काका, हे प्लास्टिकचं वाटतंय. धरेल ना?"

"रोज बसवतो ताई," मी म्हणालो.

हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण सव्वीस वर्षांचा अनुभवी माणूस असं म्हणाला की समोरचा गप्प होतो. तीही झाली.

मी काम करत असताना मुलगी शेजारी उभी राहून सगळं बघत होती. तुम्हाला क्रेन का म्हणतात, असं तिने विचारलं. मी तिला दादांची गोष्ट सांगितली. तिने माझ्या दोन्ही हातांकडे नीट बघितलं आणि तिला ते पटलेलं दिसलं.

बांधून झाल्यावरचा एक नियम दादांनी मला पहिल्या दिवशी शिकवला होता. सायकल दोन्ही हातांनी धरायची आणि अंगातलं बळ काढून हलवायची. गाडी हलली पाहिजे, सायकल नाही. त्या दिवशी मी डाव्या हाताने हलवल्यासारखं केलं आणि म्हणालो, निघा. वहिनींनी बिलावर फोन नंबर लिहून घेतला. नवरा म्हणाला की संध्याकाळी करा, गाडी चालवताना मी फोन घेत नाही. मी म्हटलं, असंच पाहिजे साहेब.

ते गेल्यावर मी झाडू घेतला. गाडी उभी होती तिथे बोटभर लांबीचा एक तुकडा पडला होता. एका बाजूने लाल रंग, दुसरी बाजू काळी आणि कोरी, म्हणजे आताच तुटलेला. हूक आवळताना माझ्याच हातून स्पॉयलर तडकला होता आणि मला कळलंही नव्हतं.

पुढे काय होणार ते मला पाठ होतं. तडा वाढत जाईल, हूक सरकेल, पट्टा सैल पडेल, आणि पहिल्यांदा सगळ्यात बाहेरची सायकल जाईल. पिवळी सगळ्यात बाहेर होती. मागून एखादा दुचाकीवाला येत असेल. डोंगराच्या रस्त्याला वळणावर कुणाला थांबायला जागा नसते.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मी तो तुकडा खिशात टाकला आणि उरलेलं अंगण झाडून काढलं. होणार नाही काही, धरेल, असं म्हणत झाडत राहिलो. पाच मिनिटं गेली असतील. मग आत गेलो आणि तुकडा वहिनींसमोर ठेवला.

वहिनींनी तो उलटसुलट करून बघितला. दादांच्या हाताखाली त्याही बरंच शिकल्या होत्या. त्यांनी लगेच फोन लावला. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

"वर का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, त्यांनाच मागे हवं होतं.

"मी इथेच बसले होते भाऊजी. कान आहेत मला."

हात दाखवून अवलक्षण नको म्हणून दोन महिने जे टाळलं होतं तेच आता करावं लागलं. मी उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. वहिनींनी खुंटीवरून व्हॅनची किल्ली काढली. रांगेत दोन गाड्या होत्या, त्यांना दुपारी या म्हणून सांगितलं. मी टपाचे आडवे दांडे, सायकली उभ्या करायच्या दोन पन्हळी आणि पाने व्हॅनमध्ये टाकले. शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी, वहिनींनी शटर ओढून घेतलं.

गाडी त्या चालवत होत्या आणि मी एका हाताने फोन लावत होतो. दर वेळी घंटी पूर्ण वाजून बंद व्हायची. गाडी चालवताना फोन न घेण्याबद्दल सकाळी मीच त्या नवऱ्याला शाबासकी दिली होती. रस्त्याच्या कडेला काहीही पिवळं दिसलं की मी पुढे वाकून बघायचो. एकदा खताचं पोतं होतं, एकदा पाटी.

बऱ्याच वेळाने वहिनींनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"दादांना तरी सांगितलं असतंत का?"

दादांना तर अजिबातच सांगितलं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

चढ सुरू झाला आणि पुढे वाहनं तुंबलेली दिसली. माणसं उतरून रस्त्यावर उभी होती, कुणीतरी हातवारे करत होतं. त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि कुठल्याशा दुचाकीवाल्याचा, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं. सरकत सरकत आम्ही जवळ गेलो. ट्रकचं टायर फुटलं होतं, एवढंच. स्टीअरिंगवरचे वहिनींचे हात घामाने ओले झाले होते.

त्या खोळंब्यामुळेच ती लाल गाडी आम्हाला सापडली. सहा-सात वाहनं पुढे होती. स्पॉयलरची डावी कड उचकटून वर आली होती, एक पट्टा मोकळा फडफडत होता, आणि पिवळी सायकल प्रत्येक खड्ड्याला बाहेर झुकून परत येत होती. तिच्या मागोमाग, चार हातांवर, एक बाई स्कूटरवर चालली होती. मागे पोर बसलेलं.

वहिनींनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. एकेक वाहन मागे टाकत त्या स्कूटरच्या पुढे आल्या आणि लाल गाडीच्या पाठीशी आपली व्हॅन घातली. चारही दिवे लुकलुकत ठेवले. आता पडलंच काही तर ते आमच्यावर पडणार होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. लाल गाडीतला भला माणूस आमच्या हॉर्नला उत्तर म्हणून हात बाहेर काढून, जा पुढे, जा, असं खुणावत होता.

मी काच खाली केली, डावा हात बाहेर काढला आणि जीव खाऊन हलवला. मागच्या काचेतून मुलगी बघत होती. आधी तिला कळलं नाही. मग तिने मला ओळखलं, हसून हात केला, आणि माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. तिने वळून बापाचा खांदा हलवला.

गाडी कडेला घेताना शेवटचा धक्का बसला आणि हूक सुटला. तिन्ही सायकली एकदम खाली आल्या. पिवळीचं चाक रस्त्याला घासत दहा-पंधरा हात गेलं, त्याचा आवाज माझ्या दातांत बसला. मग सगळं थांबलं. स्कूटरवाली बाई आम्हाला वळसा घालून पुढे निघून गेली. तिला कशाचा पत्ताही नव्हता.

नवरा उतरला तो तणतणतच. तुम्हीच मागे म्हणालात, माझा तर वरचाच विचार होता, मापं काढली होती मी. त्याचं सगळं खरं होतं. माझ्याकडे पळवाटा भरपूर होत्या. प्लास्टिक जुनं होतं, रस्ता खराब आहे, तुम्ही वेगात गेलात. धंद्यात ही उत्तरं तोंडपाठ असतात. बायकोने एकदा मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"विचारलं होतं, ताई. वरच बांधायला हव्या होत्या. हे मला बघताक्षणी कळलं होतं. पण माझा हात वर जात नाही, आणि ते दिसू नये म्हणून मी मागे म्हणालो."

शेजारून वाहनं जात होती. नवऱ्याचा राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मला लाज वाटत होती, आणि तिच्याखाली कुठेतरी मोकळंही वाटत होतं, याचीही लाज वाटत होती.

मुलगी म्हणाली, "मग तुम्हाला क्रेन कसं म्हणतात?"

"आधी उचलायचो," मी म्हणालो.

पुढचा अर्धा तास मी फक्त बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी उभा होतो आणि काम दुसरे करत होते. दांडा कुठे टेकवायचा, पन्हळ कुठे धरायची, सायकल उचलताना एक हात सीटखाली आणि एक हँडलच्या मानेशी. वहिनी आणि औषधवाल्याने पहिली चढवली. दुसरी नवरा-बायकोने चढवली. पट्टा पिळायचा नाही, सपाट ठेवायचा, हे मी तीनदा सांगितलं. पिवळीचं चाक वाकलं होतं. मी जमिनीवर बसून, पाना डाव्या हातात धरून, ते काढलं आणि मागच्या सीटची एक बाजू पाडून सायकल आत आडवी ठेवली. चाक मी सरळ करून देईन, सोमवारी या, असं मुलीला म्हणालो. तिने मान हलवली.

सगळं झाल्यावर मी औषधवाल्याच्या बायकोला म्हणालो, "ताई, तुम्ही हलवून बघा. जोर लावून."

तिने गाडीच्या दाराच्या उंबरठ्यावर पाय ठेवून टपावरची सायकल दोन्ही हातांनी धरली आणि राग काढावा तशी हलवली. गाडी हलली. सायकल हलली नाही. तिने आणखी एकदा हलवून बघितलं, खाली उतरली आणि हात झटकले. निघताना ती मला बरं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. पुढच्या वेळी आधी सांगा, एवढंच म्हणाली.

परतताना वहिनींनी सांगितलं, सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जायचं, दुकानात नंतर यायचं. हो म्हणालो. दुकानात कशासाठी यायचं, काम करायला की हिशेब मिटवायला, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

दुकानासमोर त्या दोन गाड्या परत येऊन थांबल्या होत्या. एकाने काच खाली करून, क्रेन आला का, असं विचारलं. मी सवयीने शटरकडे गेलो आणि थांबलो. हे दोन महिने सोडले तर सव्वीस वर्षांत शटर उघडताना माझ्याकडे कुणी बघतंय याची मला कधी फिकीर नव्हती. आज चारचौघे बघत होते.

वहिनींनी कुलूप काढलं. त्या एका बाजूला वाकल्या, पट्टीखाली हात घातला, आणि तशाच थांबून राहिल्या. मला वाटलं जड जातंय. मग लक्षात आलं की त्या उचलतच नव्हत्या.

मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि डावा हात पट्टीखाली घातला.

"हं," वहिनी म्हणाल्या.