कप्तानाच्या वाट्याची कालवं

शिंपल्यातली कच्ची कालवं खाण्याची हौस चष्मेवाल्यांना कधीच नव्हती. ती आवड कप्तानाची. आणि कप्तान नावाचा माणूस या जगात नव्हता, हीच तर सगळी पंचाईत.

नव्हता म्हणजे वारला होता, असं नव्हे. वारायला आधी जन्मावं लागतं. कप्तान जन्मला तो दीड वर्षापूर्वी, एका रविवारी, फोनवर. चष्मेवाल्यांची बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. एकुलती एक मुलगी परदेशात, तिथंच तिची नोकरी, नवरा, पदरात तान्हं मूल. दर रविवारी ती फोन करायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, आज कुणाशी बोललात?" आता दुकानात गिऱ्हाईक यायचं, नाही असं नाही. चष्मेवाले त्यांची हनुवटी धरून मान सरळ करत, कानामागे काडी नीट बसवत. दिवसाकाठी इतक्या चेहऱ्यांना हात लावणारा दुसरा माणूस त्या रस्त्यावर शोधायचा तर तो न्हावीच. पण "वरून तिसरी ओळ वाचा" आणि "आता कसं दिसतंय" याला बोलणं म्हणायचं, तर लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या आवाजालाही गप्पा मारणारा म्हणावं लागेल. शटर खाली ओढून ते घरी येत आणि घर खायला उठे.

त्या रविवारी मुलगी फोनवर रडायलाच लागली. "मला झोप लागत नाही हो. तुम्ही तिथं एकटे. मी सोडते इथली नोकरी आणि येते."

चष्मेवाल्यांच्या पाचावर धारण बसली. पोरीनं कष्टानं उभा केलेला संसार आपल्यापायी मोडायचा? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "एकटा कुठं? अगं, आजच एकाशी ओळख झाली. जहाजावर होता पूर्वी. कप्तान म्हणतात त्याला."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग इतक्या दिवसांत प्रथमच ती हसली. म्हणाली, "कसे आहेत हो ते?"

बापानं यावर काय करावं? सांगत गेला. रविवारमागून रविवार कप्तान वाढत गेला. तो बुद्धिबळ खेळायचा आणि हरायला लागला की चाल परत घ्यायचा. लग्न केलं नव्हतं. बंदरामागच्या गल्लीत एकटाच राहायचा. माणूस खरा वाटायचा तर त्याला एखादं दुखणं हवं, म्हणून चष्मेवाल्यांनी त्याला लिव्हरचं दुखणं दिलं. जहाजावर फार प्यायचा, आता सोडली, पण लिव्हर गेलं ते गेलंच. खाण्यापिण्यात मात्र ऐकत नाही, कालवं फोडायची, लिंबू पिळायचं आणि कच्चीच घशाखाली सोडायची, ही त्याची जुनी खोड. मुलगी म्हणायची, "कप्तानकाकांना सांगा, जपा म्हणावं." एकदा म्हणाली, "ते आहेत म्हणून मी निवांत आहे, बाबा." त्या दिवशी चष्मेवाले घरभर नुसतेच हिंडले, इतका त्यांना आनंद झाला.

'एकटा जीव सदाशिव' असं लोक खुशाल म्हणतात. म्हणणाऱ्याच्या घरी चार माणसं असतात, म्हणून सुचतं. चष्मेवाल्यांची गोष्ट अशी झाली की दुकानात काही गंमत घडली की 'हे कप्तानाला सांगायला हवं' असं त्यांच्या मनात येऊन जायचं. मग आठवायचं.

पुढे मुलीनं कप्तानाचा वाढदिवस विचारला. बेसावध होते, जवळची तारीख सांगून बसले. "मग त्यांना छान कुठंतरी जेवायला न्या," तिनं फर्मान काढलं. "त्यांच्या आवडीचं खिलवा. आणि मला सगळं सांगायचं, काय खाल्लं, कसं लागलं."

खोटं बोलायचं तर निदान अर्धं तरी खरं असावं, असा चष्मेवाल्यांचा बाणा. ते इस्त्रीचा सदरा घालून बंदराजवळच्या हॉटेलात गेले. दारातच बर्फाच्या परातीत कालवं मांडून ठेवलेली. वेटरनं विचारलं, "किती जण?"

"दोघं."

दोन बश्या आल्या. "साहेब सिगरेट ओढायला बाहेर गेलेत," चष्मेवाल्यांनी न विचारताच सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण हा गृहस्थ रिकामी खुर्ची लपवत होता. त्यांनी लिंबू पिळलं, डोळे मिटले आणि पहिलं कालव गिळलं. गार, खारट, गिळगिळीत. वाईट नव्हतं. आपली बशी संपली. समोरची तशीच भरलेली. ती तशीच ठेवून उठलं तर कुणी आलंच नाही हे साऱ्या हॉटेलला कळणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बशी हळूच ओढली आणि कप्तानाच्या वाट्याचीही खाल्ली. त्या दिवशी फोनवर ते कितीतरी वेळ बोलत होते, आणि कालवांबद्दलचा शब्दन् शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातच पोटात कळ आली. शटर ओढून कसेबसे घरी पोचले. मग उलट्या, जुलाब, ताप. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. शेजारच्या दुकानातल्या चावीवाल्याला शटर उघडलं नाही याचं नवल वाटलं. दुसऱ्या दिवशीही उघडलं नाही, तेव्हा तो घरी आला. दुसऱ्या कुणाला दार फोडावं लागलं असतं, यानं तारेनं कुलूप काढलं. चष्मेवाले न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवे होते आणि ओठ सुकून सालपटं निघाली होती.

मुलीला अर्थात यातलं काही कळू दिलं नाही. "जरा पोट बिघडलं, गाडी केली आणि सरळ इस्पितळात आलो," एवढंच सांगितलं.

डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. म्हणाले, "काका, कालव म्हणजे दिवसभर पाणी ओढून गाळत बसणारा जीव. पाण्यात सांडपाणी, जंतू, परजीवी किडे, कावीळ, जे काय असेल ते त्याच्या पोटात साठतं. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार."

"पण ताजी होती हो. वाससुद्धा नव्हता. आणि लिंबू पिळलं होतं चांगलं."

"लिंबानं चव येते, जंतू मरत नाहीत. वास येत नाही, रंग बदलत नाही, तीच तर गोम आहे. चांगलं शिजवायचं, दुसरा उपाय नाही." मग त्यांनी रक्त घेतलं, परजीवींसाठी शौचाची तपासणी लिहिली, आणि कावीळ असलीच तर ती कित्येक आठवड्यांनीही उगवते, तेव्हा डोळ्यांवर लक्ष ठेवा, असं बजावलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आता आपले आरशात पाहायचे, असं चष्मेवाल्यांच्या मनात आलं. ऐकायला कुणी नव्हतं.

आणि मग आरोग्यखात्याच्या बाई आल्या. खांद्याला जड पिशवी, पायात झिजलेल्या चपला. त्या हॉटेलातली कालवं खाऊन आणखी काही जण आजारी पडले होते. बाई खाटेशेजारी बसल्या तेव्हा नेमका मुलीचा फोन चालू होता. हाताला सलाईन, म्हणून फोन उशाशी ठेवून आवाज मोठा केलेला.

"तुमच्या टेबलावर बरोबर कोण होतं?" बाईंनी विचारलं.

चष्मेवाले खरं सांगणार होते. शपथेवर सांगतो, त्यांनी तोंडही उघडलं होतं.

"कप्तानकाका!" उशाशी फोन ओरडला. "अरे देवा. बाबा, त्यांचं तर लिव्हर खराब आहे!"

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "लिव्हर खराब? हे बघा, तुम्ही जुलाबांवर निभावलात. पण लिव्हर बिघडलेल्या माणसाच्या रक्तात हाच जंतू शिरतो. अंगावर काळे फोड येतात आणि एक-दोन दिवसांत माणूस हाती लागत नाही. पत्ता सांगा त्यांचा. लगेच."

"पत्ता... बंदरामागची गल्ली. घर नाही पाहिलेलं."

खोट्याच्या कपाळी गोटा, हे खरं. पण इथं गोटा त्या बिचाऱ्या बाईंच्या पायाखाली आला. त्यांनी आधी हॉटेलात चौकशी केली. वेटर म्हणाला, हो, दोघं होते. दोन्ही बश्या चाटूनपुसून संपल्या होत्या. एवढ्यावर थांबेल तो वेटर कसला? दुसरे साहेब उंच होते, म्हणाला. टक्कल. खोकत होते जरा. बाईंनी येऊन हे सांगितलं तेव्हा चष्मेवाल्यांना त्या वेटरचा हेवा वाटला. त्याला निदान कप्तान दिसला तरी होता.

हॉटेलातला सगळा माल नष्ट केला, खाडीकाठच्या ज्या खाजणातून तो यायचा तिथली विक्री बंद केली, बाकीचे आजारी सुधारायला लागले. उरला तो फक्त कप्तान. बाई ती गल्ली जिना जिना चढून पालथी घालत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या.

"काका, एकेकटे राहणारे किती म्हातारे आहेत हो तिथं," त्या म्हणाल्या. "दार वाजवलं की आधी घाबरतात, मग आत बोलावतात. चहा घ्याच म्हणतात. मी सांगते, मी एका आजारी कप्तानाला शोधतेय. तर एक आजोबा म्हणाले, मी नाही का चालणार?" त्या हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. "आज पोलिसांना घेऊन बंद दारं उघडणार आहे. वासावरून कळायच्या आत माणूस सापडायला हवा."

चष्मेवाल्यांना बाईंसमोर लाज वाटली. स्वतःची तर वाटलीच. बंद दारं उघडायची म्हणजे कुणाकुणाची कुलपं तुटणार, आणि ज्याच्यासाठी तुटणार तो आपल्या जिभेवर जन्मलेला. सांगायला हवं. पण बाईंना सांगितलं की मुलीला कळणार, त्या दोघी तर कालपासून सारख्या फोनवर बोलत होत्या. आणि मुलीला कळलं की दीड वर्षाची तिची झोप गेली. पुढची तर गेलीच, पण मागचीही गेली. आपण निवांत होतो तेव्हा बाबा तिथं भिंतीकडे बघत बसले होते, हे ती जन्मभर मोजत बसेल.

"बाई," ते म्हणाले, "जरा थांबा. कप्तानाचं..."

फोन वाजला. मुलगीच होती. तिचा आवाज रडून बसलेला.

"सापडले का?"

"नाही गं."

"बाबा, मला राहून राहून तेच दिसतायत. एकटा माणूस. दाराआड पडला असेल. तहान लागली असेल आणि उठता येत नसेल. हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार? मी त्यांना काका म्हणायचे आणि आपण घरसुद्धा पाहिलं नाही कधी. कसली माणसं आपण!"

चष्मेवाले ऐकत होते. दुसऱ्या कुणासाठी ती इतकी रडत होती, आणि एकेक गोष्ट बरोबर सांगत होती.

"पडला होता," ते म्हणाले.

"काय?"

"न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडला होता. नळ दिसत होता समोर. टपकत होता. हात पुरत नव्हता."

स्टुलावरच्या बाईंनी मान वर केली.

"म्हणजे सापडले? बाबा, आधी नाही का सांगायचं! कुणी पाहिलं त्यांना?"

"चावीवाल्यानं. दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही, म्हणून बघायला आला."

"पण दुकान तर तुमचं..." मुलगी म्हणाली.

तिकडे नातवाचा आवाज येत होता, काहीतरी हवं म्हणून हट्ट करत होता. त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

"दोन बश्या होत्या," शेवटी ती हळू म्हणाली. "वेटरनं सांगितलंय."

"दोन्ही मीच खाल्ल्या."

बाई उठल्या, पिशवीतून फोन काढला आणि दाराबाहेर गेल्या. गल्लीत आता जाऊ नका, कुलपं राहू द्या, असं त्या कुणाला तरी सांगत होत्या. कारण मात्र सांगितलं नाही त्यांनी.

"कधीच नव्हते ते?" मुलीनं विचारलं.

"नव्हता गं." आणि हे म्हणताना चष्मेवाल्यांना रडू फुटलं. आपण पकडले गेलो म्हणून नव्हे. दीड वर्ष ज्याला मनातल्या मनात सगळं सांगितलं तो आज खरोखरीच गेला, म्हणून. त्याच्यासाठी रडणारं त्यांच्याशिवाय आता कुणी नव्हतं.

"बाबा. मी येऊ?"

पोरीची नोकरी, लहान मूल, विमानाचा प्रवास, सगळं त्यांच्या जिभेवर आलं. नेहमीचं वाक्यही आलं, कशाला येतेस, मी एकटा थोडाच आहे.

"ये," ते म्हणाले.