मोजणी जुळेपर्यंत झाकण उघडं

ज्या घरात हॉलच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, काचेमागे भांडी घासायची हिरवी घासणी टांगलेली असते, तिथे काहीतरी घडून गेलंय हे पाहुण्याला वेगळं सांगावं लागत नाही. चौकटीखाली बारीक अक्षरात तारीखही होती. पाच वर्षांपूर्वी त्या तारखेला नवऱ्याने बायकोचा लॅपटॉप त्याच घासणीने, भरपूर प्रेमाने आणि त्याहून भरपूर जोराने, गोल गोल घासून लख्ख केला होता. इतका लख्ख, की त्यानंतर स्क्रीनवर अक्षरांपेक्षा ओरखडेच ठळक दिसायचे. बायको रडली नाही, ओरडली नाही. तिने घासणी उन्हात वाळवली, चौकट करून आणली आणि सोफ्याच्या बरोबर समोर टांगली. तेव्हापासून भांडणात तिला शब्द खर्चावे लागत नाहीत. ती नुसती तिकडे बघते.

हा नवरा बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा, म्हणून सगळे त्याला वेळापत्रकराव म्हणत. माणूस साधा होता. आपली बस एक मिनिट उशिरा धावली तर त्याला रात्रभर चैन पडायची नाही. स्वतःचा दिवसही तो तसाच आखायचा. चष्म्याची काडी सैल झाली होती, ती घट्ट करून आणायची वेळ 'बुधवार, ६.१०' अशी ठरलेली होती. असे तीन बुधवार येऊन गेले होते, ही गोष्ट वेगळी.

बायको आर्किटेक्ट. घराचं चित्र ती लॅपटॉपच्या टचस्क्रीनवर उघडायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, बोट लावा, दार उघडा, आत या. आज साडेसहाला एक जोडपं त्यांचं होणारं घर असं बोटाने फिरून बघायला येणार होतं. चार महिन्यांचं काम होतं ते. पण सकाळी ती बांधकामावर गेली होती, आणि तिथे धूळ उडते, स्क्रीनवर चरे पडतात, म्हणून लॅपटॉप घरीच ठेवून गेली होती. घरी सुरक्षित राहील, असं तिला वाटलं होतं.

वेळापत्रकरावांची सुट्टी होती. ती दमून येईल, तिच्यासाठी केक करावा, असं त्यांच्या मनात आलं. हेतू अगदी सोन्यासारखा. कृती बघायला त्यांनी तोच लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला. दोन चाळीसला, ऐन पीठ कालवण्याच्या वेळी, मध्येच जाहिरात आली. ती घालवायचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात होतं. त्यांनी पिठाच्या बोटाने ते दाबलं. जाहिरात जाईना. मग तीनदा दाबलं. मग घाबरून कोपराने पुसलं. कोपराला लोणी होतं.

आता कोपऱ्यात पिठाचा चांगला रुपयाएवढा गोळा, त्यात जाड्या साखरेचे कण, आणि बाकी अर्ध्या स्क्रीनवर लोण्याचा पट्टा. वेळापत्रकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं. बायकोची बस चौकात चार पंचावन्नला येते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ती वेळ त्यांनीच लावली होती. आयुष्यात पहिल्यांदा आपली बस उशिरा यावी असं त्यांना मनापासून वाटलं.

हात आपोआप सिंककडे गेला. तिथे घासणी होती. हॉलमध्येही एक होती. वेळापत्रकरावांनी हात मागे घेतला आणि खालच्या मजल्यावर सासूबाईंना फोन लावला.

सासूबाई चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होत्या. दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून त्यांना काही सुचत नव्हतं. घरातले चमचे त्या दिवसातून दोनदा मोजत. मुलीने एकदा म्हटलं, "आई, चमचे कुठे पळून जाणारेत का?" तर त्या म्हणाल्या, "हो, सगळे असंच म्हणतात." आणि मग बराच वेळ खिडकीत बसून राहिल्या होत्या. जावयाबद्दल त्यांचं मत त्या घासणीपासून ठाम होतं, पण तोंडाने त्यांनी कधी ब्र काढला नव्हता. म्हणून वेळापत्रकराव त्यांना जास्तच टरकून असत.

"आई, जरा वर येता का? एक... अपघात झालाय."

"रक्त?"

"लोणी."

चौथ्या मिनिटाला सासूबाई दारात हजर होत्या. डोक्याला टोपी, अंगावर हिरवा अॅप्रन, हातात पत्र्याचा डबा. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं.

"हिला सांगू नका," वेळापत्रकराव काकुळतीला आले.

"थिएटरमधलं मी कधी बाहेर बोलत नाही, जावईबापू. हात धुवा. कोपरापर्यंत."

जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरली गेली. त्यावर लॅपटॉप. सासूबाईंनी कागद-पेन्सिल घेतली.

"पेशंटचं वय?"

"अडीच वर्षं."

"अॅलर्जी?"

वेळापत्रकराव गडबडले. मग त्यांना लॅपटॉपबरोबर आलेलं माहितीपुस्तक आठवलं. ते फायलीत, तारखेप्रमाणे, जागच्या जागी होतं. त्यांनी वाचून दाखवलं. स्पिरिट नको. अमोनिया नको. काच पुसायचा फवारा नको. कागदी रुमाल नको. पाणी थेट स्क्रीनवर मारायचं नाही. दाबायचं नाही, घासायचं नाही.

"बऱ्याच अॅलर्ज्या आहेत," सासूबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "स्पिरिट नाही म्हणजे कमालच झाली. ठीक आहे. वायर काढा. भूल द्या."

"म्हणजे?"

"बंद करा त्याला! जागं असताना पुसलंत तर तुमच्या प्रत्येक हाताला ते काहीतरी उघडत बसेल. आणि पडदा काळा झाला की घाण खरी कुठे आहे ते दिसतं."

वेळापत्रकरावांनी वायर काढायच्या आधीच घाईघाईने बंद करायची खूण दाबली. लॅपटॉपने कळवलं, की काही सुधारणा चालू आहेत, कृपया बंद करू नये, बारा टक्के झाले. वायर होती तिथेच राहिली. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून आकड्याकडे बघत बसले.

"भूल चढायला वेळ लागतोय," सासूबाई म्हणाल्या. "तोवर फडकी आणा. चष्मा पुसायची. दुसरं कुठलंही चालणार नाही."

चष्म्याच्या फडक्यांची घरात ददात नव्हती. वेळापत्रकरावांनी आजवर सहा चष्मे हरवले होते. चष्मे गेले, फडकी राहिली. त्यांनी खिशातलं आधी पुढे केलं. सासूबाईंनी ते उजेडात धरून झटकलं, त्यातून वाळूचे चार कण पडले.

"यानेच पुसणार होतात ना?"

वेळापत्रकराव ते फडकं घेऊन बाकीची शोधायला कपाटाकडे पळाले.

शेवटी तीन चांगली फडकी निवडली गेली. दोन राखाडी, एक काळं. सासूबाईंनी ती साबणाने धुतली, खळखळून धुतली, पंख्याखाली वाळवली आणि प्रत्येकाचे चार चार तुकडे केले. मग फ्रिजच्या दारावर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं : 'घेतले १२.'

"हे कशाला?"

"शेवटी कळेल."

तीन पन्नासला लॅपटॉप एकदाचा झोपला. वायर निघाली. मग जे झालं ते वेळापत्रकराव जन्मात विसरणार नाहीत. सासूबाईंनी इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी वाटीत ओतलं, एक तुकडा भिजवला, पिळून पिळून कोरडा व्हायच्या बेतात आणला आणि पिठाच्या गोळ्यावर हलकेच ठेवून दिला.

"पुसायचं नाही?"

"जखमेला पट्टी चिकटली तर ओढता का? भिजवता ना? साखर आहे ती, विरघळेल. तिला वेळ द्या. किती वाजले?"

"तीन त्रेपन्न आणि वीस सेकंद," वेळापत्रकराव म्हणाले, आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं.

तीन मिनिटांनी तुकडा उचलला. त्याबरोबर अर्धं पीठही उचललं गेलं. दुसरा तुकडा ठेवला. मध्येच वेळापत्रकरावांना एक कण राहिलेला दिसला आणि त्यांचं नख पुढे गेलं. सासूबाईंनी लाकडी चमचा त्यांच्या बोटांवर हाणला.

"नख? थिएटरमध्ये?"

"चुकलो."

"हा कण नखाने ओढलात की ओरखडा काढत जाणार. त्याला सोडायचं, तो आपणहून निघेल."

तो खरंच आपणहून निघाला. मग लोणी. वरच्या स्वच्छ बाजूकडून खालच्या घाणेरड्या बाजूकडे, एकाच दिशेने, एका तुकड्याचा एकच हात. झाला की तुकडा दुसऱ्या, रिकाम्या वाटीत, परत वापरायचा नाही. हात इतका हलका, की झोपलेलं बाळ जागं होऊ नये. वेळापत्रकराव तुकडे पुढे करत होते. वाकून वाकून बघताना त्यांच्या चष्म्याची काडी निखळली आणि चष्मा एका कानाला लोंबकळू लागला. सासूबाईंनी मान न वळवता डब्यातली चिकटपट्टी तोडली, काडी कानाशी चिकटवून टाकली आणि काम पुढे चालू केलं. त्यांचे डोळे चमकत होते. दोन महिन्यांत वेळापत्रकरावांनी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, आणि त्यांना उगीचच भरून आलं.

चार अडतीसला शेवटचा कोरडा हात फिरला. खिडकीजवळ नेऊन, तिरका धरून, दोघांनी पाहिलं. एक डाग नाही. एक चरा नाही.

"आई, तुम्ही देव आहात," वेळापत्रकराव म्हणाले आणि झाकण लावायला हात घातला.

"थांबा. मोजणी."

सासूबाईंनी वाटीतले तुकडे चादरीवर एकेक मांडले. अकरा. परत मोजले. अकरा.

"असेल कुठेतरी," वेळापत्रकराव म्हणाले. "चिंधी तर आहे."

"मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवायचं नाही."

"पण आई, चार बेचाळीस झाले!"

"एकदा मोठ्या सर्जनना मी चाळीस मिनिटं थांबवलं होतं. ते माझ्यावर ओरडले. सगळे ओरडले. तुकडा पोटातच होता." सासूबाईंनी आपला हात झाकण आणि कीबोर्डच्या मध्ये ठेवला. "तुम्हीही ओरडा हवं तर."

ओरडायची वेळापत्रकरावांची टाप नव्हती. त्यांनी शोधलं. टेबलाखाली शोधलं, चादर झटकली, आपले खिसे उलटे केले, सासूबाईंच्या टोपीत पाहिलं, केकच्या पिठात चिमटा घालून ढवळलं. लॅपटॉप सासूबाईंनी स्वतः दोनदा पाहिला. तिकडे त्यांच्या डोळ्यांना काही दिसलं नाही, आणि इकडे वेळापत्रकराव चिकटपट्टीच्या चष्म्यातून जग तिरकं बघत होते. चार पंचावन्नला चौकात बस थांबल्याचा आवाज आला. अगदी वेळेवर. वेळापत्रकरावांची पाचावर धारण बसली.

"आई, पाया पडतो, हात काढा. झाकण लावू, बॅगेत ठेवू, तिला काही कळणार नाही."

"नाही."

किल्ली फिरली. बायको आत आली. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर आपला लॅपटॉप उताणा, शेजारी वाटीभर चिंध्या, टोपी घातलेली आई, आणि गुडघ्यांवर रांगणारा नवरा. तिची नजर सरळ भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. घासणी जागच्या जागी होती. तरी तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय केलंस तू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वेळापत्रकरावांनी रांगत्या अवस्थेतच सगळं सांगून टाकलं. केक, जाहिरात, बोट, कोपर, लोणी. एक शब्द वगळला नाही. "ओरखडा नाही पडला," ते शेवटी म्हणाले, "पण एक तुकडा कमी आहे."

"कोणी हलू नका," सासूबाई म्हणाल्या.

बायको टेबलापाशी गेली. स्क्रीनकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग खाली वाकली, बिजागरीपाशी, जिथे काळा कीबोर्ड संपतो तिथे बोट घातलं आणि काळ्या फडक्याचा काळा तुकडा अलगद उचलला. दिवसभर रंगच बघणारी बाई ती, काळ्यावरचं काळं तिलाच दिसणार. तुकड्याखालून काहीतरी घरंगळलं आणि टिक करून वाजलं.

ज्वारीच्या दाण्याहून लहान, धारदार पेचांचा एक स्क्रू. तिघांनी वाकून पाहिला. मग दोघींनी वर बघून वेळापत्रकरावांच्या कानाच्या चिकटपट्टीकडे पाहिलं.

"झाकण लावलं असतं," बायको हळूच म्हणाली, "तर हा काचेत घुसला असता."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "तुकडे मोजले, चमचे मोजले," त्या खजील होऊन म्हणाल्या, "डॉक्टर मोजायचा राहून गेला."

पहिल्यांदा बायको हसली. मग हसता हसता आईच्या गळ्यात पडली आणि तिला डोळे पुसावे लागले. "आई, तू रोज मोजत जा गं," ती म्हणाली. "काय वाटेल ते मोज." वेळापत्रकराव अजून जमिनीवरच होते. त्यांना कोणी गळ्याशी धरलं नाही, पण कोणी भिंतीकडेही पाहिलं नाही, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

साडेसहाला ते जोडपं आलं. त्यांनी स्क्रीनवर बोट लावून दार उघडलं, खोल्याखोल्यांतून फिरले, गच्चीवर गेले आणि हेच घर हवं म्हणाले. जाताना मात्र स्क्रीनवर दोघांच्या बोटांचे वीसेक ठसे सोडून गेले. सासूबाईंनी ते मोठ्या आनंदाने पाहिले.

पाहुण्यांना पोचवून बायको हॉलमध्ये आली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरची चौकट उतरवली. मागचे खिळे वाकवून तिने हिरवी घासणी बाहेर काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"केकचं भांडं वाळून दगड झालंय," ती म्हणाली. "जा, घास. जोर लावून."

पाच वर्षांनी ती घासणी पाण्याखाली आली. वेळापत्रकरावांनी बाह्या सारल्या, कोपरापर्यंत. तेवढ्यात मागे फ्रिजच्या दारावर पेन्सिलचा आवाज झाला.

"घासण्या किती घेतल्या?" सासूबाईंनी विचारलं.

"एक, आई."

"एक. लिहिलं. आणि जावईबापू, आधी चष्मा काढून ठेवा."